टाके, पाणी आणि आईचा हात

माझ्या पोटावर, अगदी तळाशी, एक आडवी रेघ आहे. डावीकडे ती इतकी फिकट आहे की शोधावी लागते. उजव्या टोकाला मात्र जरा जाड होते, रंगही तिथे गडद आहे. हे मी आता सहज लिहून टाकलं, पण मुलगी झाल्यावर कितीतरी दिवस मी त्या जागेकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. हात लावणं तर दूरच राहिलं.

त्या दिवसांत मी फोनवर सारखं काहीतरी शोधत असायचे. सापडायचं ते दोनच प्रकारचं. एक म्हणजे मलमांच्या जाहिराती. आधीचं पोट, नंतरचं पोट, आणि ते नंतरचं पोट बहुतेक दुसऱ्याच कुणा बाईचं. दुसरं म्हणजे सीझरनंतर महिनाभरात उड्या मारणाऱ्या बायकांचे व्हिडिओ. ‘मला माझ्याच टाक्यांना हात लावायची भीती वाटते’ असं म्हणणारं कुणी भेटलं नाही. तुम्हालाही तसं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी रसायनांशी खेळते. त्यामुळे नातेवाइकांना वाटतं, हिला सगळं माहीत असणार. मला काहीच माहीत नव्हतं.

माहेर लखनौला आलं

आम्ही दोघं सांगलीकडचे. नवरा नितीन रेल्वेत इंजिनिअर, रूळ हा त्याचा विषय आणि घरच्यांचा छळ. लखनौला जानकीपुरममध्ये राहून आम्हाला बरीच वर्षं झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असं ठरलंच होतं, पण सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरबाईंनी प्रवास बंद केला. मग आईच निघाली.

“तुला माहेरी येता येत नाही ना? मग माहेर येतं तिकडं,” ती फोनवर म्हणाली आणि खरंच आली. एका बॅगेत तिचे कपडे. बाकीच्या सगळ्या सामानात अळीव, डिंक, वावडिंग, ओवा, बाळंतशेपा आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. त्यातल्या काही बाळाच्या दुपट्यांसाठी, काही माझं पोट बांधायला.

आईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की “काकूंना बोलवा” म्हणतात. ती पाटावर बसते, पाय लांब करते, बाळ पायांवर घेते आणि किंचाळणारं पोर गप्प होतं. तिची एक पद्धत आहे. आधी हात ठेवायचा, जरा थांबायचं, मग पाणी. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणतात. ती ऐकलं न ऐकल्यासारखं करते, पण खूश होते.

नॉर्मल नाही झालं?

ऑगस्टातली सकाळ होती. तपासायला गेले, तर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “देखिए, अब इंतज़ार नहीं करेंगे.” पुढचं सगळं इतक्या घाईत झालं की मला घाबरायला वेळच मिळाला नाही. पाठीत सुई, समोर हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडे माझ्याच पोटात कुणीतरी सामान हुडकत असल्यासारखी ओढाताण. दुखत नव्हतं. दात मात्र कडाकडा वाजत होते. मग रडण्याचा आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मीही रडले.

मुलीचं नाव इरा. तिला बघायला आलेल्या प्रत्येक बाईने आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “नॉर्मल नहीं हुआ?” जणू मी शेवटच्या क्षणी आळस केला. पहिल्या दिवशी मी नम्रपणे उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून झोपेचं सोंग घ्यायला लागले.

गैस पास हुई?

सीझरनंतरच्या त्या दिवसांत माणसाची किंमत एकाच गोष्टीवर ठरते. सकाळी सिस्टर विचारणार, “गैस पास हुई?” राउंडला डॉक्टर विचारणार, “गैस पास हुई?” दुपारी नितीन ऑफिसातून फोन करून खासगी आवाजात तेच विचारणार. ती होत नाही तोवर जेवायला मिळत नाही. शेवटी झाली, तेव्हा आईने ती बातमी सांगलीला बाबांना फोन करून कळवली. बाळ झाल्याची कळवली होती, त्याच उत्साहात.

पहिल्यांदा उठून उभी राहिले, तेव्हा वाटलं की सगळं आतलं बाहेर पडणार. सिस्टर मात्र खंबीर होती. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबकडून रोज स्कूटीवर यायची, आवाज खणखणीत, हात हलके. तिने पोटावर उशी दाबून धरायला शिकवली. खोकला आला, हसू आलं, की उशी दाबायची. नितीनने टाक्यांकडे पाहून म्हटलं, “अलाइनमेंट उत्तम आहे, वेल्डिंगही बरं दिसतंय.” मी उशी दाबून हसले, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं.

तोवर सगळं ठीक होतं. घरी सोडताना सिस्टरने आईला बाजूला घेऊन समजावलं, “माताजी, नहलाते टाइम टाँके पे खाली पानी डालिएगा. साबुन, तेल, हल्दी, कुछ नहीं. खाली पानी. फिर सूती कपड़े से थपथपा के सुखा दीजिए और हवा लगने दीजिए.”

“समझा, समझा,” आई म्हणाली.

बाळंतिणीला वारा

घरी आल्यावर माझा ताबा आईने घेतला. हवा लागू द्या, ही सूचना तिने ऐकली होती, पण पाळण्यासारखी मानली नाही. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे तिच्या दृष्टीने डॉक्टरांच्याही वरचं. खिडक्या बंद. पंखा एकवर. बाहेर लखनौची उमस, म्हणजे दमट उकाडा, आत ओव्याची धुरी. सकाळी कढत पाण्याने अंघोळ, मग शेक, मग मऊ साडीचा घट्ट पट्टा पोटाला. मी दिवसभर घामाने निथळत असायचे आणि डिंकाचे लाडू खायचे.

अंघोळ घालताना आई माझ्या टाक्यांवर टॉवेलची घडी दाबून धरायची आणि पाठीवर, पायांवर, मांड्यांवर पाणी घालायची. टाक्यांवर थेंब पडू द्यायची नाही. मला ते खटकलं नाही. आईला कळतं, हे मी लहानपणापासून गृहीत धरलेलं, आणि शिवाय मला त्या बाजूला बघायचंच नव्हतं.

काही दिवसांनी टाक्यांच्या उजव्या टोकाला दुखायला लागलं. मग कपड्यावर पिवळट डाग दिसला. मग वास आला. मी नितीनला हाक मारली. अंगात कणकणही होती. नितीनने पट्टा सोडला, एकदा पाहिलं आणि या वेळी अलाइनमेंटबद्दल काही बोलला नाही. सरळ गाडीची किल्ली घेतली.

खाली म्हणजे काय

डॉक्टरबाईंनी तपासलं. एक टोक उघडलं होतं, आत पू झाला होता. “इसको धोया नहीं आपने?”

उत्तर आईने दिलं, आणि अभिमानाने दिलं. “नहीं नहीं. एक थेंब भी लगने नहीं दिया.”

“क्यों?”

“सिस्टरच बोली ना, पानी खाली डालो. हम बराबर खाली डालते थे. पोट को लगने नहीं दिया.”

ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी असलेली सिस्टर एकदम म्हणाली, “अरे माताजी! हमने तो कहा था, खाली पानी! मतलब सिर्फ़ पानी, सादा पानी!”

डॉक्टरबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. तेवढ्या दुखण्यातही माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “मैडम, मराठी में खाली का मतलब होता है नीचे.”

सिस्टर फस्सकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. ते पोट माझं नसतं, तर मीही हसले असते. आई हसली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

डॉक्टरबाई भल्या होत्या. त्या आईला म्हणाल्या, “अम्मा, ये सिर्फ़ पानी की बात नहीं है. उमस है, पट्टा पसीने से गीला रहा, बीपी भी था. ऐसा हो जाता है. ठीक हो जाएगा.” त्यातलं आईला किती कळलं, माहीत नाही. तिला हवं होतं तेवढंच तिने ऐकलं, आणि ते तिच्या विरुद्ध होतं.

पुढे रोज ड्रेसिंगला जायचं होतं. जखम आतून भरत येणार, घाई करायची नाही. सिस्टर आधी सांगायची, “अब ठंडा लगेगा,” “अब थोड़ा चुभेगा,” आणि तिने सांगितलं त्याहून जास्त कधी दुखलं नाही. आजारी माणसाशी खरं बोलणारं कुणी असलं की केवढा आधार वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

आईने हात काढून घेतला

घरी आल्यावर नितीन म्हणाला, “आई, कळलं नव्हतं तर विचारायचं होतं एकदा.” आवाज चढला नव्हता. पण जावई सासूला असं बोलला, एवढं पुरे होतं. आई म्हणाली, “चुकलंच माझं, नितीनराव,” आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इराला न्हाऊ घातलं नाही. म्हणाली, हात थरथरतो हल्ली. तिच्या पुढच्या दिवशीही नाही. माझ्याजवळ यायची ती ताट घेऊन, ठेवायची आणि मागे सरायची. इरा रडली की पाळणा हलवायची, पण उचलायची नाही. दिवसभर ओट्यापाशी. कुणी मागितल्या नव्हत्या एवढ्या पोळ्या.

मग नितीन इराला न्हाऊ घालायला लागला. व्हिडिओ बघून, पाण्याचं तापमान मोजून, बाही वर करून. पुलाची तपासणी चालल्यासारखा चेहरा. इरा सगळं घर डोक्यावर घ्यायची. आई स्वयंपाकघरात भांडी जास्तच जोरात घासायची.

एकदा मी म्हटलं, “आई, तू घाल ना तिला.”

“नको गं,” ती म्हणाली. “ते कोवळं आहे. काही चुकलं तर तू निदान सांगशील तरी. ती सांगायची नाही.”

मला इतका राग आला! तिच्यावर, नितीनवर, त्या एका शब्दावर. आणि मला तीच हवी होती. आमच्या घरात तीन मोठी माणसं एकमेकांना दुखवू नये म्हणून एकमेकांशी बोलणं टाळत होती, आणि एकटी इरा काय ते खरं बोलत होती.

पोटाशी धरणं

जखम भरली. सगळ्यांनी हुश्श केलं. माझं दुसरंच सुरू झालं.

उजव्या टोकाला जाड, लालसर, उचललेला वण राहिला. त्याला खाज यायची. त्याच्या वरचा कातडीचा पट्टा बधिर होता, तिथे स्पर्श झाला की तो दुसऱ्याच कुणाला झाल्यासारखा लागायचा. अंघोळ करताना मी समोरच्या फरशीकडे बघायचे. आरशावर टॉवेल टाकून ठेवायचे. मऊ मलमलचे सैल कुर्ते नितीनने लखनौच्या जुन्या चौक बाजारातून आणून दिले, तेच घालून असायचे.

हे सगळं चाललं असतं. पण इराला दूध पाजताना ती पाय मारायची. लहान बाळं मारतातच. तिचा पाय त्या जागेपाशी आला की मी आक्रसायचे, तिला दूर धरायचे. मग आडवी होऊनच पाजायला लागले, मध्ये उशी ठेवून. रडली की खांद्यावर घ्यायचे, हातांवर घ्यायचे, पण समोरून जवळ नाही. मराठीत आई मुलाला ‘पोटाशी धरते’ असं म्हणतात. मला माझ्या मुलीला पोटाशी धरता येत नव्हतं. आणि ते कधीच येणार नाही, अशी भीती मनात घर करून बसली होती. हीच माझी खरी भीती. वण जाईल का, हा प्रश्न मी डॉक्टरबाईंना विचारला, कारण दुसरा विचारायची लाज वाटली.

“गायब नहीं होगा,” त्या स्पष्ट म्हणाल्या. “जो गायब करने की गारंटी दे, उससे दूर रहिए. हाँ, हल्का होगा, नरम होगा, चपटा होगा. साल-डेढ़ साल मानकर चलिए.” त्यांनी सिलिकॉनचं जेल लिहून दिलं. जखम पूर्ण भरली आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या की आता रोज मालिश हवी. “उँगली से. खुद कीजिए, या घर में किसी से करवाइए.”

मी मान हलवली. घरी येऊन जेलची ट्यूब कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवली.

नितीनला शंका आली. त्याने ट्यूब हुडकून काढली आणि प्रेमाने म्हणाला, “मी करू?” मी आडवी झाले. त्याचं बोट लागायच्या आधीच मी त्याचं मनगट पकडलं आणि हमसून रडायला लागले. त्याने ट्यूबचं झाकण लावलं.

एक-एक बात पूछिए

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती.

“आई, टाक्यांना मालिश करायची आहे. तू कर.”

तिने मेथीची काडी खाली ठेवली. “मी? काय बोलतीस? एकदा करून ठेवलंय ते बास नाही का? माझ्या हाताला यश उरलेलं नाही, स्वाती.”

“मला दुसऱ्या कुणाचा हात सहन होत नाही. नितीनचाही नाही. माझा स्वतःचाही नाही.”

“आणि पुन्हा काही झालं म्हणजे?”

“पुन्हा होऊ नये म्हणून चल. सिस्टरला तूच विचार. तिच्यासमोर बस आणि समाधान होईपर्यंत विचार.”

ती लगेच हो म्हणाली नाही. संध्याकाळी मात्र तिने चांगली साडी नेसली.

दवाखान्यात सिस्टरने तिला खुर्ची दिली. “आइए माताजी. इस बार एक-एक बात पूछिए.”

आणि आईने विचारली. कोर्टात उलटतपासणी चालावी तशी. किती जोर द्यायचा? बोट फिरवायचं की दाबायचं? तेल का नको? लाल झालं तर थांबायचं का? सिस्टर हिंदीत सांगायची, आई ते मराठीत माझ्याकडून पक्कं करून घ्यायची, मग स्वतःच्या हिंदीत पुन्हा सिस्टरला ऐकवायची. ‘खाली’ या शब्दावर दोघींनी मिळून बंदी घातली. सिस्टरने स्वतःच्या हातावर करून दाखवलं: बोट कातडीवर घासायचं नाही, कातडीसकट हलवायचं. वर, तळाकडे, आडवं, मग लहान गोल. आईने सिस्टरच्याच हातावर ते करून दाखवलं. सिस्टर म्हणाली, “अरे वाह, माताजी. आपका हाथ तो बड़ा हल्का है.”

रिक्षात बसल्यावर माझ्या हातावर तिचं बोट वर-तळाकडे, वर-तळाकडे चाललं होतं.

हात ठेवायचा आणि थांबायचं

पहिल्या दिवशी आईने हात धुतले, जेल बाजूला ठेवलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसली. मी डोळे मिटले होते. काहीच झालं नाही. थोड्या वेळाने तिने हात उचलला. “झालं आजचं,” ती म्हणाली.

“अगं, पण काही केलंच नाहीस.”

“असू दे.”

दुसऱ्या दिवशी हात बेंबीच्या वर. तसाच, नुसता ठेवलेला. गरम हात होता तो. त्यानंतर जरा तळाकडे. मी अंग आखडलं की हात तिथेच थांबायचा, पुढेही जायचा नाही आणि निघूनही जायचा नाही. ती गल्लीतल्या गोष्टी सांगत बसायची, कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणी घर विकलं. अशाच एका दुपारी गोष्ट मध्येच थांबली. मी विचारलं, “मग पुढे काय झालं?” तर आई म्हणाली, “तुझ्या टाक्यावर हात आहे माझा, केव्हाचा.”

मला कळलंही नव्हतं. मी रडले. आईही रडली, पण हात तिने हलू दिला नाही.

मग रोज. सुरुवातीला दुखलं, खेचल्यासारखं वाटलं. हळूहळू खाज कमी झाली. बधिर भागात मुंग्या यायला लागल्या आणि मला वाटलं काहीतरी बिघडलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या ही चांगली खूण आहे. मी अजून बघत नव्हते. आई बघायची आणि सांगायची, “आज रंग उतरलाय.” “आज टोक बसलंय जरा.” पिकाची खबर द्यावी तसं.

आणि उशी? ती कधी बाजूला पडली ते मला नेमकं आठवत नाही. एका सकाळी इरा माझ्यावर पालथी झोपली होती, पूर्ण वजनाने, लाळ गाळत, आणि मी चहा मागत होते, एवढंच आठवतं.

आई इराला मात्र न्हाऊ घालायला तयार नव्हती. “नितीनराव छान घालतात,” म्हणायची.

जाता जाता काही सांगणं

मला काय उपयोगी पडलं, ते थोडक्यात सांगते. जखम भरेपर्यंत ती स्वच्छ आणि कोरडी ठेवणं, आणि ‘कोरडी’ म्हणजे ‘न धुतलेली’ नव्हे. ताप, वास, ओल, वाढती लाली यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सिलिकॉन जेल नियमाने, पण जखम पूर्ण मिटल्यावरच. मालिशही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. कमरेच्या वर चढणारी, मऊ, इलॅस्टिक टाक्यांवर न येणारी चड्डी, यात काडीमात्र शोभा नाही आणि अपार सुख आहे. लिंबू, कांद्याचा रस, टूथपेस्ट, हे सगळं मला कुणी ना कुणी सुचवलं. स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात राहू द्यावं.

आणि तुमच्याकडे दोन भाषांचा घोळ असेल, तर घरी सोडताना जे सांगितलं जातं ते तिथल्या तिथे एकदा उलट म्हणून दाखवा. हसतील, हसू द्या.

वणाकडे बघवत नसेल, तर बघू नका. त्यात तुमचं काही चुकत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात आधी पोचू द्या.

आई गेल्यावर

आईला परत जावं लागलं, बाबांचे जेवणाचे हाल चालले होते. निघायच्या आदल्या दिवशी तिने शेवटची मालिश केली.

“उद्यापासून कोण करणार?” मी विचारलं.

“तू.”

“नितीन करेल.”

“नितीनराव नाही. तू,” ती म्हणाली आणि ट्यूब माझ्या हातात दिली.

ती गेली तेव्हा मी ट्यूब पुन्हा कपड्यांच्या मागे ठेवली, हे कबूल करते. काही दिवस तसेच गेले. मग एका दुपारी, नितीन रुळांच्या कामाला लाइनवर गेलेला, इरा झोपलेली, घर अगदी गप्प, मी ट्यूब काढली. आडवी झाले. छताकडे बघत बोट न्यायला लागले आणि मध्येच मला स्वतःचाच राग आला. उठून बसले. कुर्ता वर केला आणि खाली पाहिलं.

रेघ. तांबूस रेघ, एका टोकाला जराशी फुगलेली. मी मनात जे धरून बसले होते, त्याच्या पाव हिश्श्याचीसुद्धा नव्हती. मी बोट ठेवलं. कोमट लागलं. मग वर, तळाकडे, आडवं, लहान गोल. कातडी हलत होती माझ्या बोटाबरोबर. मी तसंच करत राहिले, नाक ओढत, हसत.

मग आईला फोन लावला.

“आई, मी पाहिलं. हातही लावला.”

मग तिने विचारलं, “कसं लागतंय?”

“मऊ आहे गं.”

“मऊच आहे ते. मी रोज बघत होते ना.” “ऐक. समोरच्या घरातली सून बाळंत होऊन आलीय. सीझरच झालंय. सासू दोनदा येऊन गेली बोलवायला. मी बरं नाही म्हणून सांगत होते.”

“मग?”

“मग काय. फोन ठेव आता. उद्या सकाळी बाळाला न्हाऊ घालायला जायचंय, नखं कापायचीत मला.”